बाप्तिस्म्याचे पाणी आणि घरचा रांजण

ज्या प्रश्नाचा आढावा येथे घेण्याचे योजिले आहे, त्याची बहुतेक सारी साक्ष मोडनिंबच्या स्टेशनावरून निघणाऱ्या रुळांच्या दोन टोकांस वाटली गेली आहे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात फार उशिरा आली. एका बाजूस पंढरपूर आणि त्यापलीकडे मिरज. दुसऱ्या बाजूस कुर्डुवाडी, तेथून मोठ्या लोहमार्गाने पूर्वेस सोलापूर, पश्चिमेस दौंड व केडगाव, आणि दौंडाहून उत्तरेस वळले की नगर व राहुरी. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपुरास गेली आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. ती बांधणारांच्या डोळ्यांसमोर विठोबाचे यात्रेकरू आणि मालाची पोती यांपलीकडे काही नव्हते. तथापि ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या मराठी माणसाने त्या विश्वासापायी आपल्या जगण्यात नेमके काय बदलले, काय बदलायला हवे होते आणि काय तसेच राहू दिले, हे पाहण्यास निघालेल्या जिज्ञासूला याहून सोयीचा मार्ग सापडणे कठीण.

हा लेख लिहिणारा ख्रिस्ती नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. परंतु मोडनिंबात राहणाऱ्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. गावाच्या शिवेला लागूनच अरण आहे, आणि अरणात सावता माळ्याची समाधी आहे. तेराव्या शतकातील या संताविषयी परंपरा सांगते की, पंढरी इतकी जवळ असूनही तो आपला मळा सोडून वारीस गेला नाही. कांदा, मुळा आणि भाजीच्या वाफ्यांतच त्याला विठ्ठल दिसला, आणि म्हणून इतर संतांच्या पालख्या पंढरपुरास जातात, पण अरणास मात्र पांडुरंगाची पालखी येते. भक्ती ही देवळात करावयाची गोष्ट आहे की मोटेवर, खुरप्यावर आणि बाजाराच्या तराजूवर, हा वाद आमच्याकडे सातशे वर्षे जुना आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस मांस-मद्य सोडतो, एकादशी धरतो, वर्षाकाठी वारी करतो. पण तोच माणूस बांध कोरताना किंवा सालगड्याचा हिशेब करताना माळेची आठवण ठेवतो काय, असे गावातील म्हातारी माणसे अजूनही विचारतात. ख्रिस्ती मंडळीला विचारावयाचा प्रश्न याच जातीचा आहे, आणि तो शेजाऱ्याच्या नात्याने विचारला तर उद्धटपणाचा ठरू नये.

धर्मशास्त्राच्या बाजूने पाहिले तर या वादाचा इतिहास मोठा असला, तरी त्याचा गाभा थोडक्यात सांगता येतो. माणसाचे तारण देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्माच्या बळावर होत नाही, हे पौलाने आग्रहाने मांडले. क्रियेवाचून असलेला विश्वास निर्जीव आहे, हे याकोबाच्या पत्राने तितक्याच आग्रहाने मांडले. आणि सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने पौलाची बाजू इतक्या आवेशाने उचलली की, याकोबाच्या पत्राला त्याने गवताच्या काडीची उपमा दिली. लूथरला सत्कर्मे नको होती असा याचा अर्थ नव्हे. झाड चांगले असले की फळ चांगले येणारच, तेव्हा फळे झाडाला बांधीत बसू नका, एवढाच त्याचा रोख होता. परंतु त्याच्याच देशात चारशे वर्षांनी डीट्रिख बॉनहॉफर नावाच्या तरुण धर्मपंडिताला १९३७ साली एक ग्रंथ लिहून आपल्या मंडळीला बजावावे लागले की, ज्या कृपेची किंमत काहीच मोजावी लागत नाही ती कृपा स्वस्त झाली आहे. आणि त्या म्हणण्याची किंमत १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझी राजवटीच्या फासावर त्याने स्वतः मोजली. हा पंडिती वाद येथेच सोडावा. मराठी मुलखात त्याचे पडसाद फारसे उमटले नाहीत. येथे प्रश्न वेगळ्याच रूपाने पुढे आला.

त्यापेक्षा लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची कथा आमच्या माणसाला लवकर कळते, कारण जक्कयाचा धंदा आमच्या ओळखीचा आहे. तो यरीहो येथील जकातदारांचा मुख्य होता. रोमन अमलात जकातीचा वसूल मक्त्याने दिला जाई. सरकारात ठरलेली रक्कम भरावी आणि वर जे उपटता येईल ते आपले, असा तो व्यवहार. पेशवाईच्या उत्तरार्धातील इजारदार ज्याने दप्तरांतून पाहिला आहे, त्याला जक्कयाचे निराळे वर्णन करून सांगावे लागत नाही. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, आणि जक्कयाने उभे राहून दोन गोष्टी कबूल केल्या: आपली निम्मी मालमत्ता गोरगरिबांस देईन, आणि ज्याच्याकडून फाजील घेतले असेल त्याला चौपट परत करीन. येथे लक्षात ठेवण्याजोगे हे की, या मनुष्याने आपल्या अंतःकरणातील शांतीविषयी चकार शब्द काढला नाही. त्याचा पश्चात्ताप जमाखर्चाच्या भाषेत बोलला. आणि त्याला तो धंदा सोडण्याचा हुकूमही कोणी केला नाही.

आता बदल हुकुमाने घडविण्याचा प्रयोग आमच्याच शेजारी, गोव्यात झाला, त्याची दखल घेणे भाग आहे. फादर थॉमस स्टीफन्ससारखा इंग्रज जेझुइट येथल्या भाषेच्या प्रेमात पडून १६१६ साली मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करतो, आणि त्याच भूमीवर १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्पसा खंड वगळता, इन्क्विझिशनची कचेरी चालते, ही विसंगती नुसती नोंदवून पुढे जाण्यासारखी नाही. १७३६ साली या कचेरीने काढलेल्या जाहीरनाम्यात नवख्रिस्ती लोकांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, दारात तुळस लावू नये, लग्नात विड्याची पाने व सुपारी वाटू नयेत, इतकेच नव्हे तर भात मिठाशिवाय शिजवू नये, अशी कलमे आहेत. भातात मीठ शिजताना घातले की मागाहून, यावर माणसाची श्रद्धा मोजणारी ही राजसत्ता जातीच्या बाबतीत मात्र अगदी समजूतदार निघाली. बामण, चाड्डे आणि शूद्र हे भेद बाप्तिस्म्यानंतरही राहिले. देवळांशी संलग्न असलेल्या संघांत, उत्सवाच्या मानपानात आणि सोयरिकींत ते पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदले. ज्या गोष्टी शेजाऱ्याला न दुखवता ठेवता आल्या असत्या त्या काढून घेतल्या, आणि ज्या गोष्टीने शेजाऱ्याचा अपमान होत होता ती तशीच ठेवली. श्रद्धेने कोणता बदल घडवू नये याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

घाटावरील हकीकत वेगळी आहे. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, १८३१ साली नगरास त्यांनी ठाणे घातले, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केला, आणि पुढे सोलापुरापर्यंत त्यांचा विस्तार झाला. हे लोक कट्टर, काटेकोर आणि पुष्कळदा रुक्ष असत. परंतु जातीचा त्याग केल्याशिवाय मंडळीत प्रवेश नाही, हे त्यांचे म्हणणे त्यांनी बहुतांशी ढळू दिले नाही. दक्षिणेत, तामिळ प्रांतात, देवळात वरच्या व खालच्या जातींना वेगळ्या जागा देण्याची वहिवाट मिशनांनी दीर्घकाळ चालवून घेतली होती, इतकी की १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांना ती मोडण्यासाठी फर्मान काढावे लागले, आणि फर्मान निघाल्यावर कित्येक कुटुंबे मंडळी सोडून गेली. नगरास असा प्रसंग त्या प्रमाणात आला नाही. तेथे १८३९ साली बाप्तिस्मा घेतलेल्या हरिपंत खिस्तींसारख्या ब्राह्मणाला महार बंधूच्या हातून आलेल्या प्रभुभोजनाच्या प्याल्याला ओठ लावावे लागले. एका प्याल्यातून अनेकांनी पिणे हा विधी ज्याने प्रथम घालून दिला, त्याला हिंदुस्थानची कल्पना नसेल. पण हिंदुस्थानातील समाजव्यवस्थेच्या वर्मावर बरोबर बोट ठेवणारा दुसरा विधी शोधूनही सापडला नसता.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या अमेरिकन बोर्डाने नगरच्या महार-ब्राह्मणांना एका प्याल्यातून पाजले, त्याच बोर्डाने आपल्या घरी, चेरोकी व चोक्टॉ या मूळ रहिवाशांतील मंडळ्यांत गुलाम बाळगणारे सभासद असताना, त्यांना वगळण्याचे स्पष्ट धोरण स्वीकारण्यास १८४० च्या दशकात टाळाटाळ केली. त्यावरून असंतुष्ट झालेल्या गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती लोकांनी १८४६ साली आपली निराळी मिशनरी संस्था काढली. दुसऱ्याच्या देशातील पाप ठळक दिसते आणि आपल्या देशातले पाप गुंतागुंतीचे वाटते, हा दोष केवळ मिशनऱ्यांचा नव्हे. पण त्यांच्या येथील कडक शिस्तीची स्तुती करताना ही बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिवाय प्याला एक झाला म्हणून सारे एक झाले असेही नाही. महारांतून आलेल्या आणि मांगांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांमधील अंतर नगर-सोलापूरच्या खेड्यांतून फार काळ टिकले. रविवारी जे बाकावर शेजारी बसत, ते सोमवारी एकमेकांच्या घरच्या रांजणाला हात लावीत नसत.

या रांजणाचा विषय निघाला की लक्ष्मीबाई टिळकांकडे यावे लागते, आणि त्यांच्यापाशी थोडे अधिक थांबावे लागते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना त्याची आगाऊ वर्दी नव्हती. त्यानंतरच्या वियोगाच्या काळातील बराचसा भाग त्यांनी आपल्या बहिणीच्या आश्रयाने पंढरपुरास काढला. नवरा धर्म सोडून गेलेली ब्राह्मण स्त्री, पदरी लहान मुलगा, आणि राहावयाचे कोठे, तर विठोबाच्या नगरीत. त्या काळी येथली रेल्वे झालेली नव्हती. बैलगाड्यांनी येणाऱ्या यात्रेकरूंच्या गर्दीत ही बाई देवळाची वाट तुडवीत होती. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचलेल्यांना हा भाग ठाऊक आहे, पण त्याचा आपल्या प्रश्नाशी असलेला संबंध सहसा कोणी दाखवीत नाही.

तो संबंध असा. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याला वेडाची कळा आलेली होती. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नसे. अशा घरात वाढलेली मुलगी काही वर्षांनी नवऱ्याकडे परत जाते, ती आपला धर्म व आपले सोवळे राखण्याच्या निश्चयाने. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. नवऱ्याने जबरदस्ती केली नाही. स्वभावाने तापट असलेल्या टिळकांनी या एका बाबतीत दाखविलेला धीर हा त्यांच्या नव्या श्रद्धेचा मोठा पुरावा मानावा, असे या लेखकाला वाटते. आणि मग, कोणाच्या प्रवचनाने नव्हे, तर स्वतःशी विचार करता करता एके दिवशी त्या बाईंना उमगले की जात देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. आणि हे उमगताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचे ठरवून टाकले. बाप्तिस्मा त्यानंतर आला, १९०० साली. म्हणजे आधी रांजण बाटला, मग श्रद्धा आली. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत विश्वास हे कारण आणि वर्तन हा परिणाम असा क्रम असतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो उलटा झाला, आणि तरीही, किंवा म्हणूनच, तो टिकाऊ ठरला. दुष्काळातली पोरकी मुले त्यांनी घरात घेतली, नगरास प्लेग आला तेव्हा रोग्यांच्या शुश्रूषेला त्या उभ्या राहिल्या, आणि टिळकांच्या मागे त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन त्यांनी पुरे केले. ज्या बाईला औपचारिक शिक्षण नव्हते तिने हे केले. त्यांच्या साऱ्या लिखाणात स्वतःच्या पालटाविषयी एकही गंभीर व्याख्यान नाही. स्वतःची फजिती मात्र पानोपानी आहे.

टिळकांचा मार्ग काहीसा निराळा. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. नाव बदलले नाही, वेष बदलला नाही, अभंग-ओवी सोडली नाही. उलट मंडळीच्या उपासनेत परकी चाल आणि परके शब्द होते तेथे मराठी भजन आणून बसविले. गोव्याच्या जाहीरनाम्याने जे जे काढले ते ते टिळकांनी परत आणले, आणि त्याने जे ठेवले त्यावर घाव घातला. पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण कृती आमच्या मते १९१७ ची आहे. त्या वर्षी त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावावेत अशी योजना होती. त्यानंतर दोन वर्षांतच, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले, आणि दरबार फारसा वाढला नाही. परंतु पगार सोडण्यात त्यांनी एका दुखण्याकडे बोट दाखविले. दोन-तीन पिढ्यांत असा एक वर्ग तयार झाला होता की, ज्याचे घर मिशनच्या आवारात, मुले मिशनच्या शाळेत, नोकरी मिशनच्या दप्तरात, आणि विश्वासही पगारपत्रकाच्या आधारे उभा. या लोकांना दोष देणे सोपे आहे. पण गावकीच्या बलुत्यावर व येसकरीच्या जुलमावर पोट भरणाऱ्या माणसाला प्रथमच महिन्याच्या महिन्याला रोख पगार आणि अब्रूचा उंबरठा मिळत असताना, त्याने तो नाकारावा असे सांगण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या ब्राह्मण कवीला तरी कितपत पोहोचतो, हाही प्रश्न आहेच. टिळकांना तो कळत असावा, कारण त्यांनी दुसऱ्यांना नोकऱ्या सोडायला लावल्या नाहीत. स्वतःची सोडली.

आरंभी उल्लेखिलेल्या मोठ्या लोहमार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंची कथा पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे, तेव्हा येथे एवढेच म्हणावयाचे की, १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या या विदुषीने श्रद्धेचे रूपांतर धान्य, चाती, छापखाना आणि विहिरी यांत केले. १८८९ साली मुंबईस काढलेल्या शारदा सदनात हिंदू विधवांचे आचार त्यांना पाळू देण्याची व्यवस्था होती. तरी १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून रानडे-भांडारकरादी सल्लागारांनी अंग काढून घेतले. पुढे १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून व गुजराथेतून उचलून आणलेल्या स्त्रिया-मुलींमुळे केडगावच्या मुक्तिसदनाची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आमच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंताने दुष्काळात बादशाही कोठारे लुटविली असे आख्यान सांगते. रमाबाईंनी कोठारे लुटविली नाहीत, ती भरावी कशी याची तजवीज केली. हातमागावर, तेलाच्या घाण्यावर आणि छापखान्याच्या खिळ्यांवर बसलेल्या या स्त्रियांनीच पुढे, १९२२ साली वारलेल्या आपल्या बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर छापून काढले. रमाबाईंचा कारभार कडक होता आणि उत्तरायुष्यातील त्यांचा धर्मावेश पुष्कळांना पेलला नाही, हे खरे. पण ज्या बायकांना घरचा रांजण बंद झाला होता त्यांच्यासाठी त्यांनी विहिरी खणल्या, हेही खरे.

मिरजेस डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेले इस्पितळ या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला आहे. पंढरपूरची वारी करून परतणारे आणि मिरजेस शस्त्रक्रियेला निघालेले लोक १९२७ नंतर एकाच डब्यात बसू लागले, आणि मिशनच्या डॉक्टराकडे जाताना कोणाला धर्म बुडण्याची धास्ती वाटेनाशी झाली. सेवेच्या या मार्गाविषयी ख्रिस्ती लोकांत व इतरांत फारसा मतभेद नाही, म्हणून त्यावर अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. मतभेद निराळ्या ठिकाणी आहे, आणि तो सोलापुरात फार स्पष्टपणे बोलून दाखविला गेला.

१९३८ च्या आरंभी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर सोलापुरास आले असता तेथील ख्रिस्ती लोकांपुढे त्यांचे भाषण झाले. ते ५ फेब्रुवारी १९३८ च्या ‘जनता’ या पत्रात प्रसिद्ध झाले. धर्मांतराची येवल्याची घोषणा होऊन जेमतेम सवादोन वर्षे झाली होती, आणि आंबेडकर कोणता धर्म स्वीकारणार याकडे साऱ्या मिशनांचे डोळे लागले होते. अशा वेळी श्रोत्यांना गोड वाटेल असे बोलणे त्यांना सहज शक्य होते, आणि काही अंशी ते तसे बोललेही: आपल्या मनाला मोहिनी घालणारी दोनच व्यक्तिमत्त्वे आहेत, एक बुद्ध आणि दुसरा ख्रिस्त, असे त्यांनी सांगितले. पण लगेच त्यांनी कैफियत मांडली. दक्षिणेत देवळांतसुद्धा जात पाळली जाते. ख्रिस्ती समाज राजकारणात मागे पडला आहे. आणि सर्वांत मोठा आक्षेप हा की, समाजातील अन्याय दूर करण्यासाठी एक समाज म्हणून तो कधी झगडलाच नाही.

या तिसऱ्या आक्षेपाचा भार नीट ओळखला पाहिजे. श्रद्धेने माणूस बदलला की नाही, हे तपासताना मिशनरी विचारीत: दारू सोडली काय, मूर्ती काढल्या काय, एकच बायको ठेवली काय, रविवार पाळतोस काय? हे प्रश्न वाईट नव्हते. दारू सुटल्याने जी घरे उभी राहिली ती आजही नगर-सोलापुरात दाखविता येतील. पण हे सारे प्रश्न माणसाने स्वतःच्या घरात काय केले याविषयीचे आहेत. आंबेडकरांचा प्रश्न उंबऱ्याबाहेरचा होता: तुम्ही शिकलात, तुमची लेकरे मास्तर, नर्स, कारकून झाली, मग ज्या महारवाड्यातून तुम्ही बाहेर पडलात तेथे जे राहिले, त्यांच्या पाणवठ्यासाठी तुम्ही काय केले? ज्या सभेत हा प्रश्न विचारला गेला तेथे बसलेल्या बहुतेकांचे आजे-पणजे त्याच वाड्यांतून आलेले असणार, म्हणूनच तो बोचला असेल.

ख्रिस्ती समाजाच्या बाजूने बोलावयाचे तर बोलता येते. तो संख्येने लहान होता, विखुरलेला होता, परक्या साहाय्यावर अवलंबून होता, आणि परक्यांचा हस्तक हा ठपका त्याच्या कपाळी लागलेला होता. अशा समाजाने सत्याग्रहाच्या आघाडीवर यावे ही अपेक्षा कठोर आहे. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्धांपुरत्या ठरल्यावर, दलित ख्रिस्ती मनुष्य अशा पेचात सापडला की, गावाच्या लेखी त्याची जात गेलेली नाही आणि सरकारच्या लेखी ती राहिलेली नाही. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात हा धर्माचा अडसर काढण्याची शिफारस केली. प्रश्न अद्याप सुटलेला नाही. हे सारे मान्य करूनही आंबेडकरांचा आक्षेप बाद होत नाही. उलट असे दिसते की, दलित ख्रिस्ती समाज स्वतःवरील अन्यायाविरुद्ध बोलू लागला तेव्हाच त्याला इतरांवरील अन्यायाची भाषा सापडली.

तशी भाषा सापडलेला एक मनुष्य आमच्या शेजारच्या जिल्ह्यात येऊन गेला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे धर्मगुरू होते. एका ख्रिस्ती पाद्र्याला मराठी संमेलनाचा अध्यक्ष का केले, अशी ओरड काहींनी केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डर व गुंड यांचा डोळा असताना ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या द्वारे त्यांनी जे आंदोलन उभे केले, त्यात केळीच्या बागा व गोड्या पाण्याच्या विहिरी सर्वधर्मीयांच्या होत्या. पाद्री आपल्या कळपाबाहेर जाऊन, कोणाला बाप्तिस्मा देण्याचा हेतू न ठेवता, पाण्यासाठी उभा राहिला. सोलापूरच्या सभेतील प्रश्नाला सुमारे अर्ध्या शतकानंतर मिळालेले ते आंशिक उत्तर होते. आंशिक म्हणण्याचे कारण, दिब्रिटोंच्या मागे असा दुसरा मनुष्य चटकन डोळ्यांसमोर येत नाही.

आणि मंडळीच्या आत? मिशनरी परत गेले, १९७० साली उत्तर हिंदुस्थानातील अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, आणि जमिनी, बंगले, शाळा यांचा वारसा मराठी हातांत आला. त्या मिळकतींवरून दिवाणी न्यायालयांत चाललेले दावे किती आणि त्यांत विश्वस्त एकमेकांवर काय काय आरोप करतात, हे वाचल्यावर जक्कयाची आठवण न होणे कठीण. दारू सोडलेला, रविवार पाळणारा, सुगीच्या सणाला पहिले कणीस वेदीपाशी ठेवणारा सज्जन मनुष्य मिळकतीच्या सातबाऱ्यापुढे अगदी गावच्या पाटलासारखा वागू लागतो. आमच्या वारकरी संस्थानांची स्थिती याहून बरी आहे असे समजण्याचे कारण नाही. विठोबाच्या देवळाचे पिढीजात पुजारी असलेल्या बडव्यांच्या खटल्यांना पंढरपुरात कित्येक दशके लागली.

सुगीच्या सणाचा उल्लेख आला तर एक गोष्ट सांगावीशी वाटते. या दिवशी माणसे शेतातले जे आणतात, शाळू, बोरे, कोंबडी, भोपळा, त्याचा उपासनेनंतर लिलाव होतो, आणि पैसे मंडळीच्या खात्यात जमा होतात. एकदा अशा लिलावाला हा लेखक पाहुणा म्हणून गेला होता. एका म्हातारीने आणलेल्या शेराभर ज्वारीची बोली तिच्याच मालकाच्या मुलाने वाढवीत नेली. ती ज्वारी कोणत्या शेतात मजुरी करून तिला मिळाली हे बसलेल्या सर्वांना ठाऊक होते. बोली संपली, टाळ्या झाल्या. म्हातारी हसली नाही. घरी जाताना तिने शेजारणीला एवढेच विचारले की, यंदा खुरपणीचा रोज वाढवून देणार आहेत का.

लूकने जक्कयाची गोष्ट त्याच्या कबुलीपाशी थांबविली आहे. पाहुणा निघून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या मनुष्याला नाक्यावर बसून जुन्या वह्या उघडाव्या लागल्या असतील, कोणाकडून किती फाजील घेतले याची नाववार यादी करावी लागली असेल, आणि त्यांपैकी कित्येकजण मेलेले, कित्येक गाव सोडून गेलेले निघाले असतील. चौपट कोणाला द्यावयाचे, हे ठरविण्यातच त्याचे कित्येक महिने गेले असावेत.